कॉफी मशीनमध्ये साचलेला मेंडिप

ब्रिस्टलमधल्या घरी माझं पॉडवालं कॉफी मशीन एक दिवस अर्धाच कप भरून थांबलं. पॉड बदलला, सुई साफ केली. काही फरक नाही. मग सहज किटलीत डोकावून पाहिलं, तर तळाशी पांढरा थर! दोष मशीनचा नव्हता, पाण्याचा होता.

हे पाणी आलं कुठून? १८३२ साली ब्रिस्टलमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा बहुतेक लोक विहिरी आणि पंपांवर अवलंबून होते. १८४६ साली पार्लमेंटच्या कायद्याने इथे वॉटरवर्क्स कंपनी स्थापन झाली आणि दक्षिणेच्या मेंडिप टेकड्यांतल्या झऱ्यांचं पाणी शहरात आणलं गेलं. कॉलरा पिण्याच्या पाण्यातून पसरतो, असं इथलेच डॉक्टर विल्यम बड १८४९ साली लिहीत होते.

पण मेंडिप म्हणजे चुनखडीचा डोंगर. झिरपणारं पाणी चुना विरघळवून घेतं आणि तापलं की तो नळीत सोडतं. शाळेत आपण शिकलो ते हेच दुष्फेन पाणी. खडकवासल्याचं पाणी बेसॉल्टच्या डोंगरांतलं, म्हणून पुण्यात किटलीला असा थर फारसा दिसत नाही. ब्रिस्टलला आज सेव्हर्नचंही पाणी मिळतं, तरी थर बसतोच.

मशीनच्या पुस्तिकेत चालतं म्हटलं होतं, म्हणून ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून मशीनमधून फिरवलं, मग दोनदा साधं पाणी. कप पूर्ण भरला. ज्या पाण्यासाठी हे शहर एवढं झगडलं, त्याचा थर दोन-तीन महिन्यांनी काढायला आता कंटाळा येत नाही.