बँकर लागेपर्यंत

कर्जतच्या करवंदाला भाव मिळवून दिला तो बोरघाटाने. घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडावी लागतात आणि तोवर गाडी फलाटावर उभी राहते. या थांब्यावर आमच्या गावचा वडा मोठा झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये त्याच खिडक्यांशी पाटी घेऊन धावणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांचा इतिहास मात्र कुणी लिहिला नाही. मी कर्जतला लागून असलेल्या दहिवलीची, नोकरीभर मुंबईला अप-डाउन केलं. त्यातलं जे दिसलं आणि पुढे वाचनात आलं, ते सांगते.

1856 मध्ये रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आले आणि 21 एप्रिल 1863 रोजी घाटातून गाडी सुरू झाली. त्याआधी इथला रानमेवा पिकला तिथेच खाल्ला जाई. सकाळी उतरवलेलं जांभूळ संध्याकाळी पाणी सोडतं. बैलगाडीने ते किती लांब जाणार?

त्याच सुमारास रान सरकारी होऊ लागलं. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, 1891 मध्ये कुलाब्यात आलं. 1878 च्या जंगल कायद्याने राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, टहाळ तोडण्यावर आणि कातकऱ्यांच्या कात पाडण्याच्या धंद्यावर बंधनं आली. ठाणे-कुलाब्यातून इतक्या तक्रारी गेल्या, की 1885 मध्ये सरकारला मुंबई इलाख्यापुरता जंगल आयोग नेमावा लागला. साग, खैर, ऐन यांची मोजदाद होत होती. करवंदाच्या जाळीत मोजण्यासारखं लाकूडच नाही. माझ्या मते म्हणूनच ती बायकांच्या हाती राहिली: ज्या झाडावर सरकारची नजर नाही, त्याच्या फळाचे पैसे घरात येतात.

काम मात्र हलकं नाही. करवंद तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, बोटं काळी चिकट होतात, आणि काटे जोडीजोडीने असल्यामुळे हात आत जाताना ओरखडतो, बाहेर येतानाही. उन्हं तापायच्या आत तोडायचं, डोक्यावर पाटी घेऊन डोंगर उतरायचा आणि गाडीची वेळ गाठायची. तराजू नाहीच. पळसाच्या पानाचा द्रोण, नाहीतर जमिनीवर मांडलेला वाटा. भाव द्रोणाच्या खोलीत असतो. अनुभवी बाई तळाला पान दुमडून तो असा बसवते, की चार करवंदांतही भरलेला दिसावा. मला ती लबाडी वाटत नाही. गिऱ्हाईक गाडी हलायला लागल्यावर पैसे काढतं, त्याचा हिशेब कुठेतरी व्हायलाच हवा.

डब्यातली पोरं करवंद दातांनी फोडून आत बघत: लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. करवंदांबरोबर तोरणं, रायवळ आंबे, गवतात पिकवलेले अळू असत आणि शेवटी जांभळं. हे सगळं पहिल्या पावसापर्यंतच. मग विकणारीच सांगायची, "आता नको घेऊ बाय, पानी परला, किडं झालं असतील."

आमच्या घरी पिकलेल्यापेक्षा हिरव्या करवंदाला मान. ती मिठाच्या पाण्यात टाकून चीक काढायचा, ठेचून लोणचं घालायचं. उरली तर मिरची-गूळ घालून चटणी. जांभळाच्या बिया वाळवून त्यांची पूड मधुमेहवाल्या नातेवाइकांकडे जाई. हल्ली मे महिन्यात हिमाचलचे पीच आमच्याही बाजारात दिसतात, जाळीच्या टोप्या घातलेले. चवीला वाईट नाहीत. पण ते किलोवर घ्यावे लागतात, आणि घासाघीस करायची तर कुणाशी?

गाडीचा वेग कमी होईल तिथे हा बाजार भरला. 1907 मध्ये आदमजी पीरभॉयांची नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली आणि जुम्मापट्टीच्या थांब्यावर द्रोण आले. खालापूर तालुक्यात चौकपासून खोपोलीपर्यंत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला बायका पाट्या घेऊन बसत. 2002 मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. त्यावर वाटेत थांबायला मनाई, आणि थांबायचं तिथे फूड मॉल. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेली सोलापूरची वंदे भारत बँकरशिवायच घाट चढते. आणि वातानुकूलित डब्याची खिडकी उघडतच नाही. बाहेर द्रोण उंच धरला तरी आत पोचणार कसा?

कायद्याने तर गंमतच केली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, त्याच्या मालकीचा आणि ते विकण्याचा हक्क आदिवासींना दिला. 1989 च्या रेल्वे कायद्याचं 144 वं कलम मात्र परवान्याशिवाय गाडीत किंवा रेल्वेच्या हद्दीत माल विकणं गुन्हा ठरवतं. म्हणजे करवंद जाळीवर असेपर्यंत बाईचं. फलाटावर आणलं की दंडाचं. त्यामुळे आता बऱ्याच जणी जिन्याच्या बाहेर, रिक्षांच्या रांगेशेजारी बसतात. वाटा तिथेही मांडतात, आणि तळाला पान तिथेही दुमडतात.