प्रथम वर्ष प्रवेश (शिवाजी विद्यापीठ व औंध परिसर)

प्रथम वर्ष प्रवेश : बारावीनंतर पदवीच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याला जागा देण्याची अथवा नाकारण्याची प्रक्रिया. बोलीत ‘एफवायची ॲडमिशन’. प्रस्तुत नोंदीत जुन्या औंध संस्थानाच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील मुलखापुरता, म्हणजे औंध (ता. खटाव), आटपाडी आणि कुंडल या भागांपुरता, विचार केला आहे. हा सारा भाग शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर या सरकारी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. येथे प्रवेशाचा निर्णय एका जागी होत नाही. विद्यापीठ, महाविद्यालय, राज्याचा सीईटी कक्ष आणि महसूल खाते अशा चौघांच्या हातांत तो वाटला गेला आहे.

मुलूख : औंध हे पंतप्रतिनिधी घराण्याचे संस्थान. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ असे त्याचे चार तालुके होते आणि ते एकमेकांना लागून नव्हते. १९३१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या ७६,५०७ होती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावर आटपाडी व कुंडल दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले. १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. गुणदाळचा भाग आज कर्नाटकात आहे. एकाच राजाच्या शाळांतून शिकलेल्या गावांचे तहसीलदार, प्रांत व जात पडताळणी समित्या अशा प्रकारे वेगवेगळ्या झाल्या. प्रवेशाच्या काळात हे वेगळेपण प्रकर्षाने जाणवते.

पूर्वपीठिका : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. १३२ जण बसले, त्यांपैकी २२ उत्तीर्ण झाले. मॅट्रिक ही शाळेची शेवटची परीक्षा असली, तरी मुळात ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढी, निकालही तेच लावी. म्हणून त्या काळी प्रवेशाचा निर्णय खऱ्या अर्थाने विद्यापीठाचा होता.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पदवीधर होते. संस्थानात त्यांनी शाळा काढल्या आणि शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. महाविद्यालय मात्र संस्थानात नव्हते. मॅट्रिक झालेला मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, सांगलीच्या विलिंग्डनमध्ये (स्थापना १९१९) किंवा पुण्याला जाई. मॅट्रिकचा उंबरठा किती उंच होता, हे आटपाडीच्या परिसराच्या, म्हणजे माणदेशाच्या, वाङ्मयीन इतिहासात दिसते. औंधच्या शाळेत शिकलेले ग. दि. माडगूळकर मॅट्रिक उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश १९४२ च्या चळवळीत शाळा सोडून गेले. पुढे त्यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात लागली. आटपाडीचे शंकरराव खरात मात्र उच्च शिक्षण घेऊन वकील झाले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात एसएससी परीक्षा मंडळ आले आणि शालान्त परीक्षा विद्यापीठाच्या हातून गेली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाल्यावर सातारा-सांगलीची महाविद्यालये त्याला जोडली गेली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू होते. कोठारी आयोगाच्या शिफारशींनुसार १०+२+३ आकृतिबंध आला. १९७५ मध्ये दहावीची पहिली एसएससी परीक्षा झाली आणि त्यानंतर कनिष्ठ महाविद्यालये सुरू झाली. तेव्हापासून बारावीचे गुणपत्रक हा प्रवेशाचा मुख्य आधार आहे. ते देते राज्य मंडळाचे कोल्हापूर विभागीय मंडळ, विद्यापीठ नव्हे.

निर्णय कोण घेते : कला, वाणिज्य व विज्ञान या पारंपरिक शाखांत निवड महाविद्यालयाची प्रवेश समिती करते. विद्यापीठ तुकड्यांना व जागांना मान्यता देते, वेळापत्रक व नियम कळवते आणि शेवटी पात्रता तपासते. निकालानंतर अर्ज घेतले जातात, गुणानुक्रमे यादी लागते, पहिल्या यादीतील मुलांनी ठरल्या तारखेपर्यंत फी भरायची असते, उरलेल्या जागांसाठी दुसरी व तिसरी यादी लागते. सूचनाफलकावरच्या यादीवर गुण, प्रवर्ग आणि प्रवेशाचा प्रवर्ग असे रकाने असतात. शेवटचे दोन रकाने सारखे नसले, तर त्याचा अर्थ त्या मुलाने राखीव प्रवर्गातील असूनही खुल्या गुणवत्तेत जागा मिळवली आहे.

यादी लागण्याइतकी गर्दी सगळीकडे होत नाही. तालुक्याच्या गावातील कला शाखेत बहुधा अर्ज कमी व जागा जास्त असतात आणि तेथे प्रवेश म्हणजे फक्त नोंदणी असते. चुरस असते ती साताऱ्या-सांगलीच्या नामवंत विज्ञान महाविद्यालयांत आणि संगणकाशी संबंधित अभ्यासक्रमांत. औंधमध्ये रयत शिक्षण संस्थेचे राजा श्रीपतराव भगवंतराव महाविद्यालय आहे, आटपाडीत श्रीमंत बाबासाहेब देशमुख महाविद्यालय आहे. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी कॉलेज व यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही महाविद्यालये २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ या समूह विद्यापीठात गेली. त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन मैत्रिणी, एक औंधला व एक साताऱ्याला शिकत असल्या, तर आज दोन विद्यापीठांच्या विद्यार्थिनी असू शकतात.

पात्रता हा दुसरा टप्पा. महाविद्यालयाने दिलेला प्रवेश आधी तात्पुरता असतो. कागदपत्रे विद्यापीठाकडे जातात, तेथे पात्रता निश्चित होते आणि विद्यार्थ्याला कायम नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक पदवीपर्यंत बदलत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांक बँकेचे खातेही प्रवेशाच्या वेळीच काढावे लागते. वर्ग सुरू होऊन महिने उलटल्यावर पात्रतेचा कागद अडल्याचे कळणे हा प्रकार नवा नाही.

आरक्षण : राज्याच्या नियमांनुसार अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त जातींना ३, भटक्या जमाती ‘ब’ला २.५, ‘क’ला ३.५, ‘ड’ला २, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागास वर्गाला १९ टक्के जागा राखीव असतात. यांची बेरीज ५२. आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आणि २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाला, म्हणजे मराठा समाजाला, १० टक्के धरल्यास एकूण ७२ होते. १२० जागांच्या तुकडीत याचा अर्थ ओबीसींना सुमारे २३, अनुसूचित जातींना सुमारे १६, मराठा व आर्थिक दुर्बल घटकांना प्रत्येकी १२, भटक्या जमाती ‘क’ (धनगर) यांना सुमारे ४ आणि खुल्या सुमारे ३४ जागा. माणदेशात धनगर समाज मोठा आहे. त्यामुळे ‘क’च्या थोड्या जागांसाठी येथे तुलनेने अधिक उमेदवार असतात.

या धोरणाचे मूळ याच विद्यापीठाच्या गावात आहे. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला. त्याआधीच त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे सुरू केली होती. पुढे महाराष्ट्रात आलेली आर्थिकदृष्ट्या मागासवर्गीयांची फी सवलत आजही जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘ईबीसी’ म्हणून राहिली आहे.

कागद : राखीव जागा गुणांवर मिळते, पण दाखला नसेल तर ते गुण खुल्या यादीतच मोजले जातात. मे-जूनमध्ये वडूजच्या (ता. खटाव) किंवा आटपाडीच्या सेतू केंद्रासमोर प्लॅस्टिकची फाईल छातीशी धरून उभी असलेली मुले व त्यांचे पालक हे या प्रक्रियेचे खरे चित्र. फाईलमध्ये बारावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आणि अधिवास प्रमाणपत्र असते. मध्ये वर्ष गेले असेल तर खंड प्रतिज्ञापत्रही लागते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेयर प्रांत. व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ते पडताळणी समितीकडून येते.

जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजाची जुनी नोंद दाखवावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा धरला जातो. सहसा तो आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा गावच्या महसुली दप्तरात सापडतो. औंधच्या मुलखात हे दप्तर १९४८ पर्यंत संस्थानाचे होते आणि जुनी नोंद बऱ्याचदा मोडी लिपीत असते. ती वाचून देणारा जाणकार शोधणे हाही प्रवेशाच्या धावपळीचाच भाग ठरतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी केलेल्या उपोषणात हैदराबाद गॅझेटियरसह सातारा व औंध संस्थानांच्या नोंदींचा आधार घेण्याची मागणी पुढे आली. हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला. संस्थान जाऊन पाऊण शतक लोटल्यावर त्याचे नाव पुन्हा प्रवेशाच्या चर्चेत आले ते असे.

केंद्रीभूत प्रवेश : अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी, शिक्षणशास्त्र आदी व्यावसायिक अभ्यासक्रमांत महाविद्यालयाच्या प्रवेश समितीला फारसे स्थान उरत नाही. राज्याचा सीईटी कक्ष परीक्षा घेतो, राज्यभराची गुणवत्ता यादी लावतो आणि विद्यार्थ्याने भरलेल्या पसंतीक्रमानुसार फेरीफेरीने जागा देतो. २०२४-२५ पासून बीबीए व बीसीएसारखे अभ्यासक्रमही याच चाळणीत आले. बारावीच्या निकालानंतर जवळच्या महाविद्यालयात जाऊन बीसीएला नाव घालणाऱ्या मुलाला आता महिने आधी सीईटीचा अर्ज भरावा लागतो. पसंतीक्रम भरताना पहिली पसंती जपून लिहावी लागते; ती मिळाली तर जागा स्वीकारणे भाग पडते आणि पुढच्या फेरीचा रस्ता बंद होतो.

अंतर व एसटी : औंध ते सातारा अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. गावाहून रोज ये-जा करणारा विद्यार्थी महाविद्यालय निवडताना सकाळच्या पहिल्या एसटीची वेळ पाहतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. प्रथम वर्षाला ही सवलत संपते. त्यानंतर विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत राहते, म्हणजे एक तृतीयांश भाडे भरावे लागते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. रोजचा प्रवास व खोलीभाडे त्यात धरलेले नाही.

परराज्यांतून परत येणारे : आटपाडी, विटा व खानापूर भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर विखुरले आहेत. त्यांची मुले तेथील मंडळांतून बारावी होतात. गावाकडे येऊन प्रवेश घ्यायचा तर त्यांना मूळ मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणावे लागते आणि विद्यापीठाची पात्रता स्वतंत्रपणे घ्यावी लागते. ज्यांची बारावीच झाली नाही, त्यांना १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वाट उघडून दिली.

तुलना : दिल्ली विद्यापीठात काही महाविद्यालयांचा कटऑफ २०२१ मध्ये १०० टक्क्यांवर पोहोचला आणि २०२२ पासून तेथे केंद्रीय सामाईक प्रवेश परीक्षा आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठ हेही सरकारी विद्यापीठ. पण तेथे विद्यापीठाचे कर्मचारी प्रत्येक अर्जातील गुण, निबंध व परिस्थिती वाचून निर्णय घेतात. १९९६ च्या लोकमतानंतर तेथे वंशाचा विचार करण्यास बंदी आहे. महाराष्ट्रात उलट आहे. विद्यार्थ्याविषयीचे मत कोणी नोंदवत नाही, प्रवर्ग मात्र कायद्यानेच विचारात घ्यावा लागतो.

मूल्यमापन : शिवाजी विद्यापीठाच्या पद्धतीत निवडणाऱ्याच्या मर्जीला वाव कमी आहे. यादी भिंतीवर लागते आणि कोणालाही आपला क्रमांक तपासता येतो. या पद्धतीचे ओझे मात्र विद्यार्थ्याच्या घरावर पडते, कारण गुण मिळवल्यावरही दाखले, तारखा व प्रवास यांचा मेळ त्यालाच घालावा लागतो. ज्यांच्या घरी पहिलाच मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जात आहे, त्यांनी जातीचा दाखला व वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा. उत्पन्न व नॉन-क्रीमीलेयरचे दाखले मुदतीत आहेत ना, हे निकालाआधी पाहून घ्यावे.