खाद्यछायाचित्रण : स्टुडिओतील प्रकाश आणि मांडणी

खाद्यछायाचित्रण : जाहिरात, मासिक, पाककृतींचे पुस्तक, वेष्टन किंवा मेन्यूकार्ड यांसाठी अन्नपदार्थांची छायाचित्रे घेण्याचा व्यवसाय आणि त्यामागचे तंत्र. छायाचित्रातून वास आणि चव दोन्ही वजा होतात. पदार्थ ताजा आहे हे सांगणारी मुख्य खूण मग एकच उरते, ती त्याचा ओलावा. रश्शावरची चकाकी, कोथिंबिरीचा ताठपणा, भातावरची वाफ, काकडीच्या कापावर साचलेले पाणी ही सगळी त्याचीच रूपे. स्टुडिओतील प्रकाशयोजना हा ओलावा दिसावा म्हणून असते आणि मांडणी तो काही मिनिटे टिकावा म्हणून. बाकीचे तंत्र या दोन गरजांतून निघाले आहे.

खाण्याच्या वस्तूंची छायाचित्रे छायाचित्रणाच्या आरंभापासून घेतली जात आहेत. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४–४६) या पुस्तकातले शेवटचे चित्र फळांनी भरलेल्या टोपल्यांचे आहे. मासिकांच्या रंगीत पानांवर अन्न आले ते प्रामुख्याने १९३० च्या दशकात. अमेरिकेत निकोलस मरे यांनी ‘मॅकॉल्स’ मासिकासाठी केलेले काम त्या काळातले महत्त्वाचे.

प्रकाशाची दिशा हा पहिला निर्णय. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने टिपलेला पदार्थ सपाट दिसतो, कारण प्रकाश भिंगाच्याच बाजूने येतो आणि सावल्या पदार्थामागे दडतात. म्हणून स्टुडिओत मुख्य दिवा पदार्थाच्या मागे किंवा बाजूला लावतात. ताट म्हणजे घड्याळाची तबकडी आणि कॅमेरा सहाच्या आकड्यावर असे मानले, तर दिव्याची नेहमीची जागा दहा किंवा दोनच्या आकड्यावर येते. तिथून आलेला प्रकाश ओल्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन थेट भिंगात शिरतो. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हा शाळेत शिकलेला नियम इथे दिवसभर वापरावा लागतो. वाफेचेही तसेच आहे. तिचे सूक्ष्म थेंब मागून उजळले आणि पाठीमागे गडद पडदा असला तरच ती दिसते. समोरून कितीही उजेड टाकला तरी ती हरवते. खोली थंड असेल तर वाफ अधिक दाट दिसते.

प्रकाशाचा मऊपणा दिव्याच्या ताकदीवर अवलंबून नसतो. पदार्थाच्या जागेवरून दिवा किती मोठा दिसतो, यावर तो ठरतो. तीन फुटी सॉफ्टबॉक्स ताटापासून दोन फुटांवर असेल तर सावल्यांच्या कडा विरघळतात. तोच दहा फुटांवर नेला की कडा टोकदार होतात. मात्र दिवा जवळ आणला की उजेड ताटाच्या मागच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत झपाट्याने उतरतो. तो सावरायला समोरून पांढरा थर्माकोल लावतात, एखादाच कोपरा उजळायचा असेल तर छोटा आरसा. काळे कार्डही तेवढेच उपयोगी, कारण ते भोवतालचा उजेड शोषून सावली गडद करते. परावर्तकाने किती मोठे काम होते हे पाहायचे असेल तर एडवर्ड वेस्टन यांचे ‘पेपर नं. ३०’ (१९३०) पाहावे. त्यांनी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या बाजूने परतलेल्या प्रकाशाने तिच्या प्रत्येक वळणाला घनता आली.

मराठी पदार्थांपैकी दोन पदार्थ प्रकाशयोजनेची कठोर परीक्षा घेतात. पहिला उकडीचा मोदक. तो पांढरा, गुळगुळीत आणि बहुतेकदा हिरव्या केळीच्या पानावर ठेवलेला असतो. त्याचे सगळे सौंदर्य कळ्यांमध्ये, आणि समोरच्या उजेडात त्या पुसल्या जातात. बाजूने एकच मऊ दिवा आणि विरुद्ध बाजूला थर्माकोलऐवजी काळे कार्ड, अशी योजना केली की प्रत्येक कळीच्या पोटात सावली बसते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक पांढरा रंग करडा करून टाकतो; म्हणून त्याने सुचवल्यापेक्षा साधारण एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा लागतो. पानाची हिरवट झाक मोदकाच्या बुडाशी उमटते; ती घालवायला पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी चौकटीबाहेर लावतात. उकड सुकली की भेगा पडतात. त्यावर घरोघरी जो उपाय आहे तोच स्टुडिओत चालतो, ओले फडके. ते शेवटच्या क्षणी काढायचे आणि मग तुपाची धार सोडायची.

दुसरा पदार्थ मिसळ. तर्री म्हणजे वर तरंगणारे लाल तेल, आणि तेलाचा थर आरशासारखे वागतो. मोठा सॉफ्टबॉक्स त्यात पांढरा चौकोन होऊन उमटतो आणि लाल रंग झाकून टाकतो. दिव्यापुढे बटर पेपरची चौकट थोड्या अंतरावर धरली, तर चकाकी मध्यभागी तेज आणि कडेला मंद अशी पसरते. पोलरायझर फिल्टरने प्रतिबिंब कमी करता येते. पण ते पूर्ण घालवू नये, कारण चकाकी गेलेली मिसळ थंड आणि शिळी भासते. दिव्याचा दर्जाही इथेच उघडा पडतो. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात गडद लाल रंगाचा वाटा अपुरा असतो, त्यामुळे तर्री तपकिरी पडते. फरसाण रश्शात लगेच भिजते, म्हणून ते सर्वांत शेवटी.

मांडणी करणाऱ्या स्टायलिस्टच्या कामाचा कणा म्हणजे ‘डमी’ आणि ‘हिरो’. आधी डमी ताट ठेवून दिवे, कोन आणि फोकस पक्के करतात. ते झाल्यावरच निवडून ठेवलेले हिरो ताट समोर येते. फुगलेल्या पुरीपाशी दोन-तीन मिनिटेच असतात, तेवढ्यात काम उरकायचे. भाज्या अर्धवटच शिजवून बर्फाच्या पाण्यात टाकतात, म्हणजे रंग टिकतो. कोथिंबीर थंड पाण्यातून काढून चिमट्याने एकेक पान ठेवतात. सुकू लागलेल्या भागावर कुंचल्याने तेल फिरवतात. थंड पेल्यावरचे थेंब बहुधा ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात घेऊन फवारलेले असतात. ते ओघळत नाहीत आणि लवकर सुकतही नाहीत. कोकम सरबतासारख्या पारदर्शक पेयामागे पेल्याच्या आकाराचा कापलेला चंदेरी कागद लपवला, की ते आतून उजळल्यासारखे दिसते.

वाटीतली उसळ रश्शात बुडू नये म्हणून तळाशी छोटी वाटी पालथी घालतात. मासिकातल्या पाककृतीसाठी याने कोणाचे नुकसान होत नाही. जाहिरातीत मात्र हाच प्रकार वादाचा ठरला आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातींत बशीत काचेच्या गोट्या घातल्या होत्या, त्यामुळे भाज्यांचे तुकडे वर आले आणि सूप प्रत्यक्षापेक्षा भरगच्च दिसले. फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७० च्या आदेशाने तो प्रकार थांबला. त्याआधी १९६५ मध्ये कोलगेट-पामोलिव्हच्या दाढीच्या फेसाच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने आइस्क्रीमऐवजी वापरल्या जाणाऱ्या कुस्करलेल्या बटाट्याचा विचार केला होता. बटाटा केवळ दृश्याचा भाग असेल आणि उत्पादनाच्या दाव्याचा पुरावा म्हणून दाखवला जात नसेल, तर तो वेगळा प्रकार, असा भेद न्यायालयाने केला. तो आजही उपयोगी आहे. नकली आइस्क्रीम मुळात आले ते तापणाऱ्या टंगस्टन दिव्यांमुळे. फ्लॅश आणि एलईडी तसे तापत नाहीत, डिजिटल चित्र पडद्यावर तत्काळ तपासता येते, त्यामुळे त्या लबाडीची गरजही पुष्कळ घटली आहे. दुधाऐवजी गोंद आणि पाकाऐवजी इंजिन ऑइल वापरण्याचे समर्थन आता करता येणार नाही. भारतात जाहिरात मानक परिषद १९८५ पासून स्वनियमनाचे काम करते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कॅमेऱ्याचा कोन पदार्थाच्या उंचीवर ठरतो. वडापाव, थालीपिठांची चळत किंवा सरबताचा पेला समोरून, जवळजवळ टेबलाच्या पातळीवरून टिपतात. वाटीतल्या पदार्थांना पंचेचाळीस अंश बरे पडतात. भिंग साधारण ८५ ते १०५ मिमी नाभीय अंतराचे घेतात, म्हणजे कडा विकृत होत नाहीत. पूर्ण ताट मात्र बरोबर डोक्यावरून घेतात. स्टीलच्या ताटात तेव्हा छत, दिवा आणि खुद्द कॅमेराही दिसतो. म्हणून वर पांढरे कापड ताणून त्यातल्या छिद्रातून भिंग काढावे लागते.

मराठी ताटाला वाढपाचा क्रम आहे. मीठ वर मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. पानाच्या रचनेत बसावे म्हणून मासिकांत चित्र आडवे उलटवण्याची सवय असते. बर्गर उलटवला तर कोणाला कळत नाही. ताट उलटवले की चटणी उजवीकडे जाते आणि मराठी वाचकाची नजर तिथेच अडते. त्यामुळे मजकूर चित्राच्या कोणत्या बाजूला येणार हे आधी विचारून घ्यावे आणि दिवा त्याप्रमाणे डावीकडे की उजवीकडे लावायचा ते ठरवावे.