आणेवारी ते ७२ तास : धाराशिवच्या पिकाचा हिशेब

अल्गोरिदममधला पक्षपात म्हटलं की आपल्याला अमेरिकेतलं काहीतरी आठवतं. आम्ही मात्र आज आणेवारीपासून सुरुवात करणार आहोत. गावचं पीक रुपयात किती आणे आलं, यावर साऱ्याची सूट ठरायची. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत आलात तर टंचाईचं गाव, वर गेलात तर नाही. संगणक नव्हता, पण रीत तीच, की आकडा घाला, निकाल घ्या. विहीरवाला आणि कोरडवाहूवाला, दोघांना एकच सरासरी.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हाच हिशेब महसूल मंडळावर आला. उंबरठा उत्पादनाचं सूत्र पुढे असं झालं: मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर. दिसायला निर्दोष आहे. पण सातातली तीन-चार वर्षं कोरडी गेली की ‘चांगल्या’ पाचांतही वाईट वर्षं शिरतात आणि उंबरठाच खाली येतो. म्हणजे भरपाई मिळायला नुकसान आणखी मोठं हवं. ‘धाराशिवला कमी द्या’ असं सूत्रात कुणीही लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या!

आता ऑक्टोबर २०२० घेऊ. परतीच्या पावसानं सोयाबीन भिजलं. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं, ही अट. ॲपवर, टोल-फ्री नंबरवर, नाहीतर बँकेत किंवा कृषी कार्यालयात. पाऊस चालू, वीज गेलेली, फोन बंद, रस्त्यावर पाणी, अशात ७२ तास कुणाला पुरतात? ज्याच्याकडे चार्ज असलेला फोन आणि रेंज, त्याला. साडेतीन लाखांच्या आसपास शेतकरी भरपाईबाहेर राहिले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला, आणि मग वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. यादीत रिकामा राहिलेला रकाना ‘नोंद नाही’ असं सांगतो. यंत्रणेनं तो ‘नुकसान नाही’ असा वाचला. आमच्या मते खरी चूक ७२ या आकड्यापेक्षा या वाचनात आहे. कारण त्याच पावसाचे सरकारी पंचनामे झाले होते, त्यावर सरकारनं मदतही वाटली होती. माहिती होती, फक्त दुसऱ्या दप्तरात.