गिऱ्हाईक कंपनीचं की शोरूमवाल्याचं?

वडिलांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा मी बालवाडीत होतो. गाडी दारात आली तेव्हा पाचवीत. पोरांना सांगितलं तर थाप वाटते, पण लायसन्स-परमिटच्या जमान्यात स्कूटरला वर्षानुवर्षं वेटिंग असायचं. मोटार म्हणाल तर अँबेसेडर किंवा कुर्ल्यात बनणारी पद्मिनी. डीलरला गिऱ्हाईक सांभाळायची गरजच नव्हती. उलट नंबर सरकावा म्हणून वडीलच दिवाळीला त्याच्याकडे फराळाचा डबा पोचवायचे!

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी हरपाल सिंग यांच्या हातात दिली. पण रांग त्या गाडीलाही लागली. खरा फरक पडला तो १९९३ ला मोटारींचं लायसन्स उठल्यावर. १९९८ ला सँट्रो आली, पुण्याची इंडिका आली, आणि गिऱ्हाईक "बघू, शेजारच्या शोरूमला जाऊन येतो" म्हणायला लागलं. मग फराळाचा डबा उलटा फिरला.

आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या एका शोरूममालकाची वही मी पाहिलीय. कुणाची सर्व्हिसिंग कधी, इन्शुरन्स कधी संपतो, कुणाची पोरगी बारावीला. ते म्हणाले, "नव्या गाडीत फार सुटत नाही हो. पोट भरतं ते वर्कशॉपवर, आणि तोच माणूस दुसऱ्या गाडीला परत आला तर." अमेरिकेत डेट्रॉइटजवळ ज्यो जिरार्ड नावाच्या सेल्समननं हेच केलं. गिऱ्हाइकांना दर महिन्याला शुभेच्छापत्रं धाडायचा. १९६३ ते १९७८ मध्ये त्यानं १३,००१ गाड्या विकल्या, त्याही किरकोळीत, एकेक करून.

पण ही वही ज्याच्या जिवावर चालते ती कंपनीच उठून गेली तर? २०१७ ला जनरल मोटर्सनं भारतात गाड्या विकणं थांबवलं. सप्टेंबर २०२१ ला फोर्डनं इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट मिळत राहतील असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं होतं. तरी "आता माझ्या गाडीचं काय?" हा फोन कंपनीच्या हेडऑफिसला जात नाही, गावातल्या शोरूमवाल्याला येतो. काचेच्या शोरूमवर काढलेलं कर्ज त्याचं. मेकॅनिक पोरांचा पगारही त्यानंच द्यायचा.

अमेरिकेत १९५६ सालीच कायदा झाला. कंपनी सचोटीनं वागली नाही तर डीलर तिला थेट फेडरल कोर्टात खेचू शकतो. आपल्याकडे डीलरसाठी असा वेगळा कायदा नाही. कंपनीनं छापून आणलेला करार, खाली त्याची सही, बस्स. आपले खासदार कारखाना आणायच्या वेळी फोटोत पुढे असतात. कारखाना जाताना या माणसांचं काय, हे त्यांना कुणी विचारायचं?

वहीवाल्या मालकांनी पुढं दुसऱ्या कंपनीची डीलरशिप घेतली. पाटी बदलली, वही तीच ठेवली. गेल्या दसऱ्याला मी तिथं होतो. हार घातलेल्या नव्या गाड्यांपाशी जुनीच तोंडं दिसली. एका काकांना मी विचारलं, कोणती कंपनी घेतली? म्हणाले, "नाव नाही बुवा लक्षात राहत. शेठनी सांगितली ती घेतली."