घरापासून दूर असताना आलेला मृत्यू : मराठी कादंबरीतील कुमारवयीन दुःख आणि निष्ठा

कादंबरी हा इतिहासाचा पुरावा मानावा का? घटना घडली की नाही, हे कादंबरीवरून सिद्ध होत नाही. पण एखाद्या काळातील मुले दुःख कसे सोसत होती आणि कोणाशी एकनिष्ठ राहत होती, हे सरकारी कागदपत्रांपेक्षा तिच्यात अधिक स्पष्ट दिसते. प्रस्तुत घटकात आपण दोन प्रसिद्ध कलाकृती या दृष्टीने पाहू.

१. श्यामची आई

साने गुरुजींनी या पुस्तकाचा बराचसा भाग फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिला. त्यांचा जन्म 1899 चा आणि आईचे निधन 1917 चे. म्हणजे आई गेली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुस्तकातला श्याम शिक्षणासाठी घराबाहेर आहे. इकडे कोकणात कर्जापायी घरावर जप्ती येते, आई खंगत जाते आणि श्याम पोहोचतो तेव्हा सारे संपलेले असते. या दुःखात ‘मी तिथे नव्हतो’ ही बोच आहे. तिला श्याम वाट देतो ती कर्तव्याची. आश्रमातील सोबत्यांना तो रात्रीमागून रात्र आईची आठवण सांगतो. आईवरची निष्ठा अशा रीतीने समाजावरची निष्ठा बनते. सविनय कायदेभंगाच्या काळातील वाचकाला हे रूपांतर जवळचे वाटले, यात नवल नाही.

२. कोसला

भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी 1963 साली प्रसिद्ध झाली. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग पुण्यात कॉलेजात शिकतो आणि गावी त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते. येथेही शिक्षणाचे शहर आणि मृत्यूचे गाव वेगळे आहेत. पण पांडुरंगाला कोणतेही सांत्वन पटत नाही. त्याच्या लेखी मनीच्या मरणातून काही उदात्त निघत नाही. तसे मानणे हीच तिच्याशी प्रतारणा ठरेल. सांत्वन नाकारणे ही त्याची निष्ठा आहे.

येथे एक ऐतिहासिक संदर्भ लक्षात घ्यावा. देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला आणि देशांतर्गत संसर्गाचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आढळला. म्हणजे लस उपलब्ध असतानाही खेड्यातली मुले मरत होती. मनीचा मृत्यू म्हणूनच केवळ दैवाचा भाग राहत नाही.

३. तुलना

दोन्ही मुलगे शिकायला बाहेर पडले आणि घरच्या बायका-मुली मागे राहिल्या. शिक्षणाची ही किंमत कोणी मोजली, हा प्रश्न दोन्हींत आहे. श्याम त्याचे उत्तर सेवेत शोधतो, पांडुरंगाला उत्तर सापडत नाही. तीस वर्षांत स्वातंत्र्य आले, पण मोठ्या आदर्शांवरचा तरुणांचा विश्वास मात्र ओसरला, असे या फरकावरून म्हणता येईल. अर्थात दोनच पुस्तकांवरून सर्व पिढीविषयी निष्कर्ष काढू नये.

४. भिलाईच्या विद्यार्थ्यांसाठी

सोव्हिएत सहकार्याचा करार 1955 मध्ये झाला आणि पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये सुरू झाली. याच काळात देशभरातून माणसे कामासाठी भिलाईत आली. त्यांचे आईवडील गावीच राहिले. पांडुरंगाची अडचण त्यांचीही असणार.

स्वाध्याय

1. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : गावाकडच्या मृत्यूची बातमी त्यांना कशी कळली? पत्राने, तारेने की कोणी सांगायला आले? ते वेळेवर पोहोचले का? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.
2. सांत्वन स्वीकारणे म्हणजे गेलेल्या माणसाला विसरणे होय का? श्याम आणि पांडुरंग यांच्या आधारे चर्चा करा.