ठगांची उद्योगशाळा

1817 मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेलं. पुढे इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनने वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांविरुद्धची मोहीम याच शहरातून चालवली. पण माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांचं आणि त्यांच्या मुलाबाळांचं करायचं काय?

1837 च्या सुमारास त्यावर तोड निघाली: उद्योगशाळा. रुमालाने गळा आवळणारे हात मागावर बसले आणि तंबूचं कापड, सतरंज्या, गालिचे विणू लागले.

निजामाच्या चाकरीतल्या मेडोज टेलरने 1839 मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात इंग्रजी कादंबरी लिहिली. कादंबरीतला ठग जगभर पोचला. मागावरचा विस्मरणात गेला. जबलपूरच्या इतिहासात त्यालाही जागा मिळायला हवी. हुन्नर त्याला मिळाला, मोकळीक मात्र मिळाली नाही.